फार्मा की इक्विपमेंट? बॅग उचलायच्या आधी विचारतोय

उदगीरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी उदगीरचा. यंदा बी. फार्म. झालो. जीपॅट (एम. फार्म.ची प्रवेशपरीक्षा) दिली, जमली नाही. वर्गातले निम्मे कंपन्यांच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) चिकटलेत आणि शिफ्टला वैतागलेत. वडील म्हणतात मेडिकल टाक. पण आमच्या रस्त्यावर आताच ११ मेडिकल आहेत. बाराव्याला गाळ्याचं डिपॉझिट आणि माल कुठून आणू?

हातात दोन ऑफर आहेत. एक मध्यम औषध कंपनीत एमआर (औषधांचा विक्री प्रतिनिधी) म्हणून, हेडक्वार्टर नांदेड. हातात २२ हजार, वर डीए (फिरतीचा रोजचा भत्ता) आणि पेट्रोल. दुसरी पुण्यात एका डीलरकडे. पेशंट मॉनिटर, सिरिंज पंप, ऑटोक्लेव्ह असला हॉस्पिटलचा माल. पगार १६ हजार, पण विक्रीवर इन्सेंटिव्ह. मालक म्हणाले, "एक ऑर्डर काढलीस की एमआरचा दोन महिन्यांचा पगार सुटतो."

कंपनीची मुलाखत गमतीची झाली. मॅनेजरनी औषधातलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "खाली उतर, तीन मेडिकलमध्ये जाऊन विचार पँटोप्राझोल कुणाचं जास्त जातं, आणि अर्ध्या तासात ये." दोन दुकानांनी हाकललं. तिसऱ्यानं, गर्दी ओसरेपर्यंत थांबलो म्हणून, पॅन आणि पॅन्टोसिड हे त्या ॲसिडिटीच्या गोळीचे ब्रँड सांगितले, वर "कोणत्या कॉलेजचा रे?" विचारलं. येऊन जसं घडलं तसं सांगितलं. ते म्हणाले, एक तारखेला ये.

मला बोलता येतं. खोटं बोलता येत नाही, लगेच पकडला जातो. मामा म्हणतात, "मग ही लाईन तुझी नव्हे." आठवड्यात कळवायचंय. या लाईनीतलं कुणी असेल तर सांगा.

तिरकस

मामांना विचार, ते कुठल्या लाईनीत आहेत जिथं खोटं चालत नाही. तीच लाईन पकड.

जुनी_बॅग

पोरा, तुला रस्त्यावर पाठवलं तीच मुलाखत होती. त्याला आरसीपीए म्हणतात. मेडिकलच्या काउंटरला उभं राहून कुठल्या डॉक्टरचं काय निघतं, कुणाचा ब्रँड पळतो, आपला किती पडून आहे, हे काढायचं. हे काम स्वतः करवून घेणारा मॅनेजर मिळाला असेल तर निम्मं काम झालं.

मी १९८९ साली बॅग उचलली, २०२१ साली ठेवली. मिरज-सांगली, मग सोलापूर, शेवटची आठ वर्षं लातूर. सगळ्यांना वाटतं ही बोलायची नोकरी. बोलायला मिळतं किती? डॉक्टरसमोर दीड मिनिट, तेही पेशंट आत यायच्या आणि बाहेर जायच्या फटीत. दिवसाला दहा डॉक्टर धर. झाली पंधरा मिनिटं. उरलेल्या दिवसात काय करतोस त्यावर तू टिकणार की नाही ते ठरतं.

आता हिशेब समजून घे, कारण ट्रेनिंगमध्ये हा कुणी नीट सांगत नाही. कंपनीच्या डेपोतून (आपल्याकडे बहुतेकांचे भिवंडीत असतात) माल स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, गेला की झाली प्रायमरी. स्टॉकिस्टकडून मेडिकलला गेला की सेकंडरी. मेडिकलमधून पेशंटच्या पिशवीत गेला तीच खरी विक्री, पण तिचा कागद तुझ्या हातात येत नाही, ती काउंटरवरच कळते. आणि टार्गेट बहुतेक कंपन्यांत प्रायमरीवर. गोची इथं आहे. महिनाअखेरीला मागणी असो नसो, माल स्टॉकिस्टच्या गोडाऊनमध्ये ढकलला की तुझा आकडा पूर्ण दिसतो.

माझी गोष्ट सांगतो. १९९७चा मार्च. ३० तारखेला रात्री मी मुक्कामाला लॉजवर. खाली काउंटरला फोन आला, साहेबांचा. "अजून ८० हजार टाक, झोनमध्ये आपण एक नंबरला आहोत." मी सकाळी स्टॉकिस्टच्या दारात. काय टाकलं? खोकल्याचं औषध. मार्चअखेरीला! सोलापूरच्या उन्हाळ्यात कोण खोकतं? पावसाळ्यापर्यंत पेट्या तशाच. थोडं निघालं, बाकी पुढच्या वर्षी एक्सपायरीत. तोवर साहेबांना बढती मिळून ते दुसऱ्या राज्यात गेले होते आणि स्टॉकिस्ट माझ्याकडे बघत होता. कंपनीनं एक्सपायरीच्या भरपाईचा क्लेम अर्धाच मंजूर केला. उरलेले १४ हजार मी हप्त्यांनी भरले. घरी सांगितलं नाही. बायकोला वाटायचं इन्सेंटिव्ह बुडला.

तर मामांच्या प्रश्नाचं उत्तर असं, डॉक्टरसमोर खोटं बोलायची वेळ फारशी येत नाही. डॉक्टर तुझ्यापेक्षा जास्त शिकलेला आहे, आणि गोळी लागू पडली नाही तर पेशंट त्याला सांगतोच. खोटं मागितलं जातं ते रिपोर्टात. न भेटलेला डॉक्टर भेटला म्हणून डीसीआर (रोजच्या भेटींचा रिपोर्ट) भरायचा, क्लोजिंग स्टॉक (स्टॉकिस्टकडचा महिनाअखेरीचा शिल्लक माल) कमी दाखवायचा, नाही म्हणायच्या ठिकाणी "हो सर, होईल सर" म्हणायचं. तिथं तू पकडला जाणारा माणूस आहेस हे उत्तमच आहे.

रुजू व्हायच्या आधी मॅनेजरला चार गोष्टी विचार. या हेडक्वार्टरची गेल्या बारा महिन्यांची सेकंडरी किती. गेल्या तीन वर्षांत इथं किती पोरं येऊन गेली. स्टॉकिस्टकडे आज किती दिवसांचा माल पडलाय. एक्सपायरी कंपनी किती टक्क्यांपर्यंत उचलते. त्यांनी आकडे सांगितले तर जा. "तू आधी जॉईन हो, मग बघू" म्हणाले तर समजून घे.

काउंटरवाली

जुनी_बॅग काकांचा प्रतिसाद छापून दुकानात लावणार आहे.

माझं मेडिकल आहे, नगर जिल्ह्यात, सोळा वर्षं झाली. धागाकर्त्याला दोन दुकानांनी का हाकललं ते सांगते. गर्दीच्या वेळी काउंटरवर कोपर टेकून "मॅडम, अमक्या डॉक्टरांचं काय निघतं?" विचारणारे दिवसाला पाच जण येतात. माझ्यासमोर ताप आलेलं लेकरू घेऊन बाई उभी असते. तिसऱ्या दुकानात तू थांबलास, म्हणून तुला उत्तर मिळालं.

आणि आमचं गणित पण शिक. सरकारी किंमत नियंत्रणातल्या औषधांवर आम्हाला १६ टक्के, बाकीच्यांवर २०. त्यातून भाडं, वीज, पोरांचे पगार. आता तुमची कंपनी दहावर एक फुकट अशी स्कीम आणते आणि एमआर म्हणतो, "मॅडम, पन्नास घ्या." पन्नास घेतल्या आणि पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी ब्रँड बदलला तर त्यातल्या चाळीस माझ्या उरावर. एमआर तोवर नोकरी बदलून दुसऱ्या कंपनीची बॅग घेऊन त्याच काउंटरवर हजर. वर हसतो.

माझा नियम एकच. जो एक्सपायरी उचलायला मदत करतो त्याचा माल मी ठेवते. बाकी पेन, पॅड, डायरी घरी ठेवा.

नाडी_मंद

मी डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस. दुसऱ्या बाजूनं चार ओळी.

माझ्या दाराबाहेर पाटी आहे, "एमआर: मंगळ, शुक्र, दुपारी २, पहिले पाच." ही पाटी मलाच लाजवते, पण इलाज नाही. पाचातले चार जण पाठ केलेलं म्हणतात. टॅब समोर धरायचा, बोट फिरवायचं, "सर, युअर काइंड सपोर्ट." मी काय ऐकलं ते पाच मिनिटांनी मला सांगता येत नाही.

लक्षात राहिलेला एकच. तो एकदा वार नसताना आला, दारातूनच म्हणाला, "सर, आमच्या इन्सुलिनचा पुरवठा दोन आठवडे येणार नाही. तुमचे पेशंट हेलपाटे मारतील, तोवर दुसऱ्याचं लिहा." आणि गेला. त्यानंतर तो काहीही सांगायला आला तरी मी पेन खाली ठेवून ऐकायचो.

नवीन मुलानं एक कागद मात्र वाचून ठेवावा. औषध कंपन्यांच्या विपणनासाठी केंद्र सरकारनं १२ मार्च २०२४ला एकसमान संहिता आणली, यूसीपीएमपी. तिच्यात स्पष्ट आहे की डॉक्टरला किंवा त्याच्या घरच्यांना भेटी नाहीत, सहलींचा खर्च नाही. ब्रँडची आठवण म्हणून जी वस्तू देता ती हजार रुपयांच्या आत. सॅम्पल एका औषधाची एका डॉक्टरला वर्षाला जास्तीत जास्त बारा पाकिटं. आणि भेट मिळावी म्हणून एमआरनं पैसे किंवा आमिष द्यायचं नाही. उपकरणांसाठी त्याच वर्षी सप्टेंबरात वेगळी संहिता आली. उद्या साहेब म्हणाले "अमक्या डॉक्टरला एवढं पोचव", तर कागदावर काय लिहिलंय ते तुला माहीत असलेलं बरं.

तिरकस

डॉक्टरसाहेब, संहिता २०२४ची. त्याआधीचे एसी, फ्रिज आणि बँकॉक कुठे गेले?

नाडी_मंद

प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. २०२२च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की डॉक्टरांना दिलेल्या असल्या भेटींचा खर्च कंपन्यांना आयकरात वजावट म्हणून दाखवता येणार नाही. म्हणजे तोवर दाखवला जात होता, हे उघडच आहे. माझ्या दिवाणखान्यात अजून एक भिंतीवरचं घड्याळ आहे, २००६चं, कंपनीनं दिलेलं. ते औषध बाजारातून गेलं. घड्याळ चालू आहे. रोज त्याच्याकडे बघतो, आणि तुमच्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

मुक्कामी_नवरा

(आयडी माझ्या ह्यांच्यावरून घेतलाय, मी त्यांची बायको.)

नोकरीबद्दल सगळे बोलले, घराबद्दल मी बोलते. हेडक्वार्टर नांदेड म्हणजे घर नांदेडला, माणूस नांदेडला नव्हे. अर्धापूर, मुदखेड, भोकर हे एक्स, म्हणजे जाऊन येऊन. किनवट, देगलूर, हिंगोली कदाचित मुक्काम. महिन्यातल्या आठ-दहा रात्री बाहेर धरून चाल. डीए एवढासा, त्यात बरा लॉज मिळत नाही, मग लोक बस पकडून रात्री अकराला घरी येतात आणि मुक्कामाचा डीए वाचवतात. आमच्या फ्रिजचे पैसे असेच वाचले. पण ह्यांची पाठ गेली, मोटरसायकलवर.

रविवारी सुट्टी असते म्हणतात. रविवारी खर्चाचं पत्रक, पुढच्या महिन्याचा टूर प्लॅन आणि "सर"चा कॉल असतो. आता तर मोबाइलमधलं ॲप दवाखान्याच्या दारात उभं राहिल्याशिवाय डॉक्टरची भेट नोंदवूनच घेत नाही. ह्यांचे जुने मित्र सांगतात, पूर्वी दुपारी सगळे एमआर मिळून मॅटिनी बघायचे. आमच्या नशिबी नव्हतं.

तरी एक सांगते. ह्यांना गावोगावी ओळखतात. सासऱ्यांना रात्री दोनला ॲटॅक आला तेव्हा कुणाला फोन करायचा, कुठल्या दवाखान्यात खाट रिकामी आहे, हे ह्यांना सात मिनिटांत कळलं. ती या नोकरीची कमाई आहे.

अर्थिंग_आहे_का

इक्विपमेंटबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. मी बायोमेडिकल इंजिनियर, ठाण्याची. आधी तीन वर्षं सर्व्हिसला, मग नऊ वर्षं सेल्सला.

मालक म्हणाले ती एक ऑर्डर खरी असते. तिला किती महिने लागतात ते त्यांनी सांगितलं नाही. औषधात डॉक्टर आज लिहितो, संध्याकाळी गोळी विकली जाते. आमच्याकडे डॉक्टरला मॉनिटर आवडतो, मग त्याची डॉक्टर बायको म्हणते दुसरा बघू, मग सीए म्हणतो मार्चनंतर, मग बँक. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर विश्वस्त मंडळ, परचेस मॅनेजर, बायोमेडिकल विभाग, सगळ्यांना वेगवेगळं पटवायचं. सरकारी असेल तर जेम पोर्टल (सरकारी खरेदीचं संकेतस्थळ), बयाणा रक्कम, आणि तांत्रिक अटींत बसणाऱ्यांत सगळ्यात कमी दर कुणाचा. तुझी मशीन कितीही चांगली असू दे, अटींच्या कागदात तिचं वर्णन बसलं पाहिजे.

एक प्रसंग सांगते. एका तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये मॉनिटरचा डेमो. लावला, तर ईसीजीची रेघ नुसती थरथरतेय. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हे मशीन घेऊन जा." माझ्या आधी दोन कंपन्यांचे लोक असेच परत गेले होते. माझ्या बॅगेत सर्व्हिसच्या दिवसांपासून मल्टिमीटर असतो. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मोजलं. दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे, तिथं ३८. सॉकेटला तिसरं भोक होतं, मागे वायरच नव्हती. त्यांच्याच वायरमनला बोलावून अर्थिंगचा खड्डा करायला लावला, आठवड्यानं परत गेले. रेघ सरळ. चार मॉनिटर घेतले, नंतर डिफिब्रिलेटरही. त्या दिवशी मी विकायचं म्हणून एक शब्द बोलले नव्हते.

म्हणून बी. फार्म.वाल्यानं इक्विपमेंटला येऊच नये असं मी म्हणणार नाही, पण पहिलं वर्ष सर्व्हिस इंजिनियरच्या मागे स्क्रू ड्रायव्हर घेऊन हिंडायची तयारी ठेव.

आता तुझ्या डीलरला विचारायचे प्रश्न. वैद्यकीय उपकरणं विकायला नोंदणी लागते, वैद्यकीय उपकरण नियम २०१७मध्ये २०२२ला झालेल्या दुरुस्तीनं फॉर्म एमडी-४२ आला. तो किंवा औषध विक्रीचा परवाना आहे का? दाखवायला सांग, लाजू नकोस. इन्सेंटिव्ह ऑर्डरवर, बिलावर, की पैसे आल्यावर? बहुतेक ठिकाणी पैसे आल्यावर, आणि वसुली तुझ्याच गळ्यात. मी एका हॉस्पिटलात शेवटच्या १० टक्क्यांसाठी चौदा महिने खेटे घातलेत. चहा मात्र प्रत्येक वेळी मिळाला. डेमोचं मशीन नेता-आणताना फुटलं तर कोण भरणार? वॉरंटीनंतरचा करार नुसत्या सर्व्हिसचा की सुट्या भागांसकट? हा फरक हॉस्पिटलला तू आधी सांगितला नाहीस तर दोन वर्षांनी फोन तुलाच येतो, आणि तो फोन गोड नसतो.

आणि उद्या डीलरनं सोनोग्राफी विकायला घेतली तर १९९४चा पीसीपीएनडीटी कायदा (गर्भलिंग तपासणीबंदीचा) नीट वाच. नोंदणी नसलेल्या ठिकाणी ते मशीन विकणं सोडाच, भाड्यानं किंवा नुसतं वापरायला देणंही गुन्हा. एक्स-रेला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी. आपल्या लाईनीत "आधी मशीन टाकू, कागद नंतर करू" म्हणणारा मालक भेटला तर त्याच दिवशी राजीनामा.

ओटीच्या_दाराशी

अर्थिंगताई +१.

तिसरी एक वाट आहे, ती सांगतो. इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवायचे कृत्रिम भाग. मी ऑर्थोला (हाडांच्या) आहे, पुणे आणि सातारा. आमचं काम डॉक्टरच्या केबिनमध्ये कमी, ओटीत (ऑपरेशन थिएटरात) जास्त. गुडघा बदलायचा असेल तर आदल्या रात्री इन्स्ट्रुमेंटच्या पेट्या पोचवायच्या, त्या ऑटोक्लेव्ह होतात की नाही बघायचं, आणि इम्प्लांट पेशंटच्या मापाच्या एक साइज वर, एक खाली, सगळे न्यायचे. लागला तो बिलात, बाकी परत. पाकिटावरचे स्टिकर केस पेपरवर चिकटतात, तो पुरावा. आत गाऊन घालून उभं राहायचं, कुठला भाग कुठल्या ट्रेमध्ये आहे ते सिस्टरला सांगायचं, हात लावायचा नाही. पहिल्यांदा करवतीचा आवाज ऐकून मी बाहेर येऊन बसलो होतो.

पैसा? २०१७च्या आधी या धंद्यात बरंच पाणी होतं. त्या फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली, औषधाचा लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपये. ऑगस्टात गुडघ्याचे इम्प्लांट आले त्यात. काही डीलरांनी दुकान बदललं. पेशंटच्या बाजूनं बघितलं तर बरंच झालं, माझ्या वडिलांचा गुडघा त्यानंतरच बदलला. मीच विकला आणि मीच खरेदी केला, तेव्हा दोन्ही बाजू कळल्या.

संघटनावाला

सगळे कामाचं बोलले, हक्काचं कुणीच नाही. एमआरसाठी १९७६ सालीच वेगळा केंद्रीय कायदा झाला होता, सेल्स प्रमोशन एम्प्लॉइज ॲक्ट. ड्युटीच्या दर अकरा दिवसांमागे एक दिवस पगारी रजा त्यानं दिली. पण एमआर हा 'कामगार' आहे का यावर खटले चालले, आणि १९९४ला सर्वोच्च न्यायालयानं औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येनुसार नाही असं म्हटलं. आता हे सगळं नव्या श्रमसंहितांत गेलंय. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येतच सेल्स प्रमोशनवाले घातलेत. नियुक्तीपत्र देणं कायद्यानं बंधनकारकच आहे.

तर पोरा, नियुक्तीपत्र हातात पडल्याशिवाय बॅग उचलू नको. मूळ प्रमाणपत्रं कंपनीकडे ठेवायला मागितली, डिपॉझिट मागितलं, कोरा चेक मागितला, तर उठून ये. आणि राजीनामा फोनवर कधी देऊ नको. साहेब फोनवर "उद्यापासून येऊ नकोस" म्हणाले तरी तू उद्या कामाला जा आणि मेल कर.

तिरकस

हा धागा वाचून मी माझ्या बँकेच्या नोकरीला नमस्कार केला.

उदगीरचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. वडिलांना वाचून दाखवलं. ते फक्त "तो १४ हजारवाला माणूस खरा बोलतोय" एवढंच म्हणाले.

जुनी_बॅग काकांचे चारी प्रश्न विचारले. मॅनेजर आधी हसले, मग तीन आकडे सांगितले. चौथा, किती पोरं आली-गेली, तो विचारल्यावर जरा थांबले आणि म्हणाले, "तीन वर्षांत चार. तू पाचवा." पुण्याच्या डीलरनी एमडी-४२चं नाव ऐकून "तुला कुणी सांगितलं?" असं उलट विचारलं. नांदेड घेतोय.

जुनी_बॅग

खरा आकडा सांगितला, म्हणजे माणूस बरा आहे. चौघं का गेले ते त्या चौघांपैकी एकाला शोधून विचार. नांदेड एवढं मोठं नाही.

उदगीरचा_पोरगा

पाच महिन्यांनी येतोय. धागा वर काढतोय, माफ करा.

ट्रेनिंग झालं, परीक्षा पास झालो. आता डॉक्टर लेनला रोजचं जाणं आहे. पहिल्या महिन्यात दीड तास थांबून एका सरांना भेटलो आणि कंपनीचं नावच विसरलो. सर म्हणाले, "बॅगेवर लिहिलंय बघ." आता ते नावानं हाक मारतात.

चौघांपैकी एक सापडला, वजिराबादमध्ये चहाला भेटला. तो गेला कारण महिनाअखेरीला माल टाकून टाकून स्टॉकिस्टनं फोन घ्यायचं बंद केलं. गेल्या महिन्यात मलाही फोन आला, २९ तारखेला, "साठ हजार टाक." मी स्टॉकिस्टचं क्लोजिंग काढून पाठवलं, ५२ दिवसांचा माल आधीच पडून होता. लिहिलं, सर, यात जे निघतं ते निघालं, बाकी पुढच्या महिन्यात बघतो. तीन दिवस बोलले नाहीत. नोकरी आहे अजून. इन्सेंटिव्ह गेला.

आता प्रश्न. भोकरला एक मेडिकल आहे, तिथले काका आमचा एकही ब्रँड ठेवत नाहीत. चार वेळा गेलो. पाचव्यांदा त्यांनी चहा पाजला आणि आतून खोका आणून काउंटरवर ठेवला. "हे तुझ्या आधीच्यांचं." एक्सपायरी, काही दीड वर्षापूर्वीची, साधारण ४,३०० रुपयांची. म्हणाले, हे ने, मग बोलू. नेऊ का? स्वतःचे भरावे लागले तर?

जुनी_बॅग

आज नेऊ नको. आज यादी कर, ब्रँड, बॅच नंबर, एक्सपायरी महिना, किती पट्ट्या, खाली दुकानदाराचा शिक्का आणि सही. फोटो काढ. यादी मॅनेजरला मेल कर आणि विचार की क्लेममध्ये किती बसेल, उत्तर लेखी घे. जुन्या तारखेचं काही नाकारतील. जेवढं मंजूर तेवढंच भोकरला जाऊन सांग, आकड्यासकट, आणि मग खोका स्टॉकिस्टकडे पाठव, क्रेडिट नोट दुकानदाराच्या नावानं निघाली पाहिजे. उरलेलं त्याला सांगून परत दे. खिशातून एक रुपया घालू नको, माझी शपथ आहे.

काउंटरवाली

काका म्हणतात ते बरोबर. यादी तिथंच बसून कर, घरी नेऊन नको. आणि सुतळी स्वतःची ने, आमच्याकडे कधी सापडत नाही.